एक गोटी घ्या, प्रकाशवर्ष कळेल

प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर, ९.४६ लाख कोटी किमी, असं मुलांना सांगितलं की ती मान डोलावतात, पण डोक्यात काही शिरत नाही. म्हणून आधी गोटी घ्या.

साधी काचेची, साधारण १४ मिमीची. हा झाला सूर्य, आणि १ मिमी म्हणजे १ लाख किमी धरायचं. गोटीपासून दीड मीटरवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपका द्या, ती पृथ्वी, आणि तिच्यापासून ४ मिमीवर चंद्र. माणूस आजवर एवढाच लांब गेलाय, ४ मिमी! हे ऐकून माझी भाची गप्पच झाली, मग मोजपट्टी घेऊन पुन्हा मोजायला बसली. नेपच्यून ४५ मीटरवर, म्हणजे पार गल्लीत. आणि सूर्यासारखा सगळ्यात जवळचा तारा, मित्रक? आपली गोटी मुंबईत असेल तर ती गोटी पणजीत, सरळ रेषेत ४०० किमीच्या वर.

आता या मापात प्रकाश सेकंदाला फक्त ३ मिमी सरकतो, मुंगीसुद्धा याहून भरभर चालते. मोबाईलवर टायमर लावा आणि गोटीपासून दर दहा सेकंदाला ३ सेमी असं बोट सरकवत न्या, ठिपक्यावर पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मधेच सोडू नका, कंटाळा आला तरी, कारण नुसत्या आकड्याने जे कळत नाही ते इथे कळतं. आपल्याला दिसतो तो सूर्य तेवढा जुना असतो.

मग गच्चीवर जाऊन आपापल्या वयाचा तारा शोधायचा. श्रवण १७ प्रकाशवर्षं, अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५. थंडीत संध्याकाळी मृग नक्षत्रातल्या बाणाची, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला व्याध ताऱ्याकडे जाते, दुसरीकडे लालसर रोहिणीकडे. माझी आई ६५ ची आहे, तिला म्हटलं, हा उजेड निघाला तेव्हा तू पाळण्यात होतीस, तर ती कितीतरी वेळ खुर्ची सोडेना.

दिसणारे तारे मेलेले असतात असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे आजही आहेत, कारण ताऱ्यांचं आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचं असतं.

शेवटी देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह, २५ लाख प्रकाशवर्षं. नोव्हेंबरात चंद्र नसलेल्या रात्री, गावाबाहेर, साध्या दुर्बिणीतून पांढुरका पुसट डाग दिसतो. तो प्रकाश निघाला तेव्हा आपली मानवजातच नव्हती. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० मिनिटं द्या आणि तोवर मोबाईल खिशातच ठेवा.