"इट" म्हणजे नुसतं "ते" नाही (मराठी मिडीयमवाल्यांसाठी माझा अनुभव)

मी मराठी मिडीयमचा, इंग्रजी पाचवीपासून. शाळेत एवढंच डोक्यात बसलं होतं की इट म्हणजे ते, वस्तूंना आणि प्राण्यांना वापरायचं. पुढे बँकेच्या परीक्षा द्यायला लागलो तेव्हा एरर स्पॉटिंगचे (वाक्यातली चूक ओळखायचे) चुकलेले प्रश्न वहीत उतरवून काढले आणि बघतो तर बरेचसे मार्क या एका शब्दापायी जात होते.

एका इंटरव्ह्यूत विचारलं, घरून यायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "टू अवर्स आर टेकिंग". डोक्यात "दोन तास लागतात" चालू होतं, तास अनेक म्हणून आर लावलं. पाहिजे होतं "इट टेक्स टू अवर्स". आता यातलं इट म्हणजे नेमकं कोण? कोणीच नाही! आज्ञा वगैरे सोडली तर इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत, म्हणून तिथे इट. वेळ, अंतर, हवामान सगळीकडे हेच. आपल्या व्याकरणातली भावकर्तृक क्रियापदं आठवा, "उजाडलं", "सांजावलं", कर्ता कुठे दिसतो का? तेच इंग्रजीत "इट इज गेटिंग डार्क" म्हणावं लागतं. हे कळलं त्या दिवशी मला खरंच खूप मोकळं वाटलं.

दुसरी चूक, "आय फाइंड डिफिकल्ट टू स्पीक इंग्लिश". फाइंडनंतर इट पाहिजे, "आय फाइंड इट डिफिकल्ट". एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं इट जागा धरतं आणि खरा माणूस, म्हणजे "टू स्पीक इंग्लिश", मागून येतो. "इट इज सेड दॅट" मध्येही तेच, आपण "असं म्हणतात की" बोलतो, त्यातलं "असं" म्हणजेच हे इट.

इट्सचं थोडक्यात: इट इज किंवा इट हॅज असेल तरच वर अपॉस्ट्रॉफी, "त्याचं" असेल तर नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता वापर म्हणजे आपला "च". "रामूनेच काच फोडली" हे "इट वॉज रामू हू ब्रोक द ग्लास". माणसं अनेक असली तरी सुरुवात वॉजनेच, पुढचं क्रियापद मात्र माणसांप्रमाणे, "इट वॉज द बॉइज हू वेअर लेट". पेपरमध्ये पहिल्या वॉजखाली रेघ मारलेली असते आणि आपण ती चूक समजून टिक करून येतो, मी दोनदा केलंय.