आजारी मांजराला कडू औषध कसे द्यावे

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या शेतकरी घरांना जनावराला औषध पाजणे नवे नाही. आजारी बैलाची मान वर धरायची, वेळूचे नळकांडे जबड्याच्या कडेने आत सारायचे आणि काढा हळूहळू ओतायचा, हे काम खानापूर-निपाणीकडच्या अनेक वडीलधाऱ्यांच्या हातात मुरलेले आहे. अडचण अशी, की तीच सवय घेऊन माणूस मांजराकडे वळतो. तीन-चार किलोच्या मांजराची मान मागे वाकवून तोंडात औषध ओतले, तर ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो आणि त्यातून फुप्फुसाला सूज येऊन मूळ आजारापेक्षा मोठे दुखणे उभे राहते. शिवाय बैल दावणीला बांधलेला असतो. मांजर एकदा निसटले, की कौलांखालच्या आढ्यावर जाऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या हाती लागत नाही. मांजराच्या बाबतीत ताकदीचा उपयोग फार थोडा आहे. औषधाची चव त्याच्या जिभेला लागू न देणे, हेच यातले खरे कसब होय.

चवीविषयी एक गोष्ट आधी समजून घेतली, तर पुष्कळ निष्फळ खटपट वाचेल. लहान मुलाची कडू गोळी आपण मधात उगाळतो किंवा वरून गुळाचा खडा देतो. बेळगावात तर कुंद्याचा घास पुढे केला जातो. मांजरावर यातले काहीच चालत नाही, कारण त्याला गोड चव कळतच नाही. जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या ग्राहीचा (रिसेप्टरचा) एक आवश्यक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेला आहे, हे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल या चव-गंधाच्या अभ्यासकेंद्रातील संशोधकांनी 2005 साली दाखवून दिले. कडू चव मात्र त्याला चांगलीच कळते. तेव्हा साखर, मध आणि गोड सिरप यांचा नाद सोडून द्यावा. औषध लपवायचे असेल, तर ते स्निग्ध पदार्थात आणि मांसमाशांच्या वासात लपवावे.

पहिले काम घरी नव्हे, दवाखान्यात करायचे असते. आपल्याकडच्या गुरांच्या दवाखान्यांत बहुतेक रोगी गाई, म्हशी आणि शेळ्या असतात. मांजर आणणारा माणूस थोडासा संकोचतो आणि चिठ्ठी घेऊन घाईने बाहेर पडतो. तसे करू नये. हे औषध कडू आहे का, ते पातळ स्वरूपात मिळेल का, गोळीऐवजी इंजेक्शन देता येईल का, ते अन्नाबरोबर द्यायचे की उपाशीपोटी, आणि गोळी फोडली किंवा वाटली तर चालेल का, हे प्रश्न तिथेच विचारून घ्यावेत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण काही गोळ्यांचे वेष्टन पोटातल्या आम्लापासून बचावासाठी किंवा औषध सावकाश सुटावे म्हणून दिलेले असते आणि अशी गोळी वाटल्यास औषधाचा परिणामच बिघडतो.

भाषेचा एक बारकावा आपल्या भागापुरता सांगायला हवा. कन्नडमध्ये गोळीला ‘मात्रे’ म्हणतात, तर मराठीत ‘मात्रा’ म्हणजे औषधाचे प्रमाण. ‘अर्ध मात्रे’ म्हणजे अर्धी गोळी आणि ‘कालु मात्रे’ म्हणजे पाव गोळी. घाईत ऐकणाऱ्याला अर्धी मात्रा, उद्याची मात्रा, कालची मात्रा असे काहीही ऐकू येऊ शकते. माणसाच्या बाबतीत असली गफलत एखादे वेळी निभावून जाईल, पण मांजराच्या वजनाला पाव आणि अर्धी यांतला फरक मोठा असतो. डॉक्टरांकडून प्रमाण आकड्यात लिहून घ्यावे, आणि पातळ औषध असेल तर ते किती मिलिलिटर, हे सिरिंजवरच्या रेघेशी बोट लावून दाखवायला सांगावे.

मांजरांच्या जुलाबावर पुष्कळदा लिहून दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल हे या सगळ्या कडूंचा मुकुटमणी आहे. माणसांसाठीच्या 200 किंवा 400 मिलिग्रॅमच्या गोळीचा लहानसा तुकडा मांजराला पुरतो. पण गोळी कापली, की वरचे वेष्टन तुटते आणि आतला कडवटपणा उघडा पडतो. अशा वेळी रिकाम्या कॅप्सूलचा उपाय सर्वांत चांगला, असे माझे मत आहे. काही औषध दुकानांत मागितल्यास त्या मिळतात. आकड्यांत जितका क्रमांक मोठा तितकी कॅप्सूल लहान असते, म्हणून मांजरासाठी 4 क्रमांकाची मागावी. कापलेला तुकडा कोरड्या हाताने तिच्यात बंद करावा, बाहेरून कडू पूड लागली असल्यास ती पुसावी आणि वरून किंचित तूप चोळावे. याच औषधाचे लहान मुलांसाठीचे पातळ रूप चवीला सौम्य असते, कारण त्यात मेट्रोनिडॅझोल बेन्झोएट वापरलेले असते. मात्र त्याचे मापही वेगळे पडते आणि बेन्झोएट मांजराला कितपत द्यावे यालाही मर्यादा आहे, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हवा इतकी ओली असते, की कापून ठेवलेली गोळी दोन दिवसांत मऊ पडते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारखी औषधे ओलाव्याने लवकर खराब होतात. चार दिवसांचे तुकडे एकदम करून ठेवू नयेत, आणि उरलेला भाग मूळ पाकिटासह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा.

मांजर खात असेल, तर जबरदस्तीपूर्वी अन्नाचा मार्ग अवश्य आजमावावा. उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा बोटभर तुकडा, उकडून काटे काढलेला बांगडा, दुकानात मिळणारा मांजरांचा मऊ पेस्टसारखा खाऊ, यांपैकी जे त्याला सर्वांत आवडते तेच औषधासाठी राखून ठेवावे आणि एरवी देऊ नये. ज्या घरांत मांसमासळी शिजत नाही, तिथे लोण्याची छोटी गोळी बऱ्याच मांजरांना भुरळ घालते. सुकट वासाला उत्तम, पण ती खारट असते. तिचा चुरा वरून चिमूटभर भुरभुरण्यापुरताच वापरावा. घरच्या रश्शातला मटणाचा तुकडा मात्र देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने त्यांचा हा दोष जात नाही.

देण्याचीही एक रीत आहे. आधी औषध नसलेला लहान घास द्यावा, मग दुसरा द्यावा, तिसऱ्यात औषध असावे आणि चौथा घास आधीच नाकासमोर धरलेला असावा. पुढच्या घासाच्या ओढीने मांजर तिसरा न चावता गिळते. जेवण्याआधी ते भुकेले असताना हे करावे. औषध कधीही पूर्ण ताटलीत कालवू नये. एक तर मांजर अर्धे अन्न टाकून उठते आणि किती औषध पोटात गेले हे कळत नाही. दुसरे म्हणजे एकदा कडू लागलेले अन्न ते पुढे कित्येक दिवस हुंगून सोडून देते. आमच्या बोक्याने याच चुकीमुळे पेडवे मासे खाणे कायमचे सोडले, आणि दोष सर्वस्वी माझा होता. सर्दीने नाक चोंदलेले असेल, तर त्याला वासच येत नाही आणि वास नाही तर भूक नाही. तेव्हा ओल्या फडक्याने नाक पुसून घ्यावे आणि अन्न हाताला कोमट लागेल इतके गरम करावे.

ज्या मांजराने अन्न सोडले आहे, त्याला गोळी हातानेच द्यावी लागते. आधी दारे-खिडक्या लावाव्यात आणि माळ्याचा जिना अडवावा. गोळी, पाण्याने भरलेली बिनसुईची सिरिंज आणि शेवटी द्यायचा खाऊ, हे सारे हाताशी मांडून मगच मांजराला उचलावे. मांजराला धरून ठेवून गोळीचे पाकीट शोधत बसणे यासारखी चूक नाही. जाड टॉवेल किंवा जुन्या वाकळेचा तुकडा पसरून त्यावर त्याला बसवावे आणि फक्त डोके बाहेर राहील असे गुंडाळावे. छातीवर आवळू नये, पुढचे पाय मात्र आत असावेत. त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकलेली असावी, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा उरत नाही आणि समोरून कोणी चाल करून येत आहे असेही वाटत नाही.

डाव्या हाताचा अंगठा आणि मधले बोट मांजराच्या दोन्ही गालांच्या हाडांवर ठेवून डोके वरून धरावे आणि नाक थोडे वर करावे. एवढ्यानेच खालचा जबडा सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गोळी धरून मधल्या बोटाने पुढचे लहान दात खाली दाबावेत आणि गोळी जिभेच्या मधोमध, जितकी मागे जाईल तितकी मागे सोडावी. जिभेच्या कडेला पडलेली गोळी परत येते. लगेच तोंड मिटवून डोके सरळ करावे आणि गळ्यावरून हळुवार बोट फिरवावे. मांजराने स्वतःचे नाक चाटले, की गोळी गिळली असे समजायला हरकत नाही. ही सगळी कृती पाच सेकंदांत व्हावी. पहिल्या दिवशी ती जमत नाही, म्हणून निरोगी मांजरावर लोण्याच्या गोळीने सराव केलेला चांगला.

गोळी गेली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत बराच वेळ अडकून राहू शकते, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिनसारखे औषध असेल तर तिथे व्रण पडून नळी आकसू शकते. मग त्याला अन्नही गिळता येत नाही. म्हणून प्रत्येक गोळीनंतर सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी थोडे थोडे पाजावे किंवा ओले अन्न खाऊ घालावे. डॉक्सिसायक्लिनच्या आगेमागे दूध देऊ नये, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे ते औषध अंगी कमी लागते.

पातळ औषधासाठी 1 किंवा 2 मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. डोके सरळच ठेवावे. सिरिंजचे टोक सुळ्याच्या मागच्या फटीतून गालाच्या बाजूने आत घालावे, समोरून घशाच्या दिशेने नव्हे. एका वेळी पाव मिलिलिटर सोडून मांजर गिळेपर्यंत थांबावे आणि मग पुढचे द्यावे. बद्धकोष्ठावर म्हणून एरंडेल किंवा पॅराफिनचे तेल घशात ओतण्याची पद्धत काही घरांत आहे. ती सोडावी, कारण बेचव तेल खोकला न येताच श्वासनलिकेत उतरते.

कडू थेंब जिभेला लागला, की मांजराच्या तोंडातून साबणासारखा फेस येतो, ते डोके झटकते आणि पंजाने तोंड घासते. पाहणाऱ्याला ते पिसाळले किंवा विषबाधा झाली असे वाटते. औषध दिल्यानंतर लगेच आलेला आणि थोड्याच वेळात थांबणारा असा फेस चवीमुळे असतो. थोडे पाणी किंवा खाऊ दिला म्हणजे तो ओसरतो. त्या वेळी दुसरी मात्रा देऊ नये. किती पोटात गेले हे माहीत नसताना पुन्हा दिल्यास प्रमाण दुप्पट होऊ शकते. उलटी झाली तरीही डॉक्टरांना विचारूनच पुढचे ठरवावे. औषध न देताही लाळ गळत असेल, वागणे बदलले असेल किंवा गिळता येत नसेल, तर मात्र त्याच्या तोंडात हात घालू नये आणि थेट दवाखाना गाठावा.

घरातली तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची यकृताची एक मुख्य वाट मांजरात फार दुबळी असते. आयबुप्रोफेनही तसेच घातक आहे. औषध देताना दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांना दाखवावे; हळद भरून घरी बसू नये.

दोन प्रयत्न फसले, तर तिसरा लगेच करू नये. धडपडीत श्वास लागलेले मांजर औषध गिळत नाही, ते चुकीच्या नळीत ओढते. अर्धा तास त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात पडू द्यावे आणि मग दुसऱ्या माणसाने प्रयत्न करावा. दोन दिवस औषध पोटात गेले नसेल, किंवा एक दिवसभर मांजराने काहीच खाल्ले नसेल, तर त्याला टोपलीत घालून पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे आणि इंजेक्शनविषयी बोलावे. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात काही दिवसांतच चरबी साचू लागते. त्याला न्यायची टोपली आदल्या रात्रीच बाहेर काढून तिच्यात त्याचे नेहमीचे फडके घालून ठेवावे. सकाळी ती अचानक समोर आली, तर आढ्यावर चढण्याइतकी शक्ती आजारी मांजरातही असते.