ऑस्ट्रेलियाच्या लाइट हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तुलना कशी करावी

जून-जुलैत मासेमारी बंद होते, होड्या झापांनी शाकारून किनाऱ्याला लागतात आणि रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या व्यायामशाळांतून जुन्या लढती पाहायला व त्यांवर वाद घालायला सवड मिळते. अशा बैठकींत ऑस्ट्रेलियाचा सर्वश्रेष्ठ लाइट हेवीवेट कोण, हा प्रश्न अवश्य घ्यावा. नावे मोजकी आहेत, त्यांच्या लढतींच्या नोंदी चांगल्या आहेत, आणि तरीही उत्तर सहजासहजी हाती लागत नाही.

आधी प्रश्न नेमका करावा. या गटाची मर्यादा 175 पौंड, म्हणजे सुमारे 79.4 किलो. हा गट 1903 मध्ये अस्तित्वात आला, तेव्हा 160 पौंडांचा मिडलवेट आणि हेवीवेट यांच्यामधली ती एकमेव पायरी होती. पुढे 1980 च्या सुमारास वरच्या बाजूला क्रूझरवेट आला आणि 1984 पासून खालच्या बाजूला 168 पौंडांचा सुपर मिडलवेट आला. त्यामुळे पूर्वी जो मिडलवेट वजन राखून वरच्या गटात जाऊन लढे, त्याला आज मधली एक पायरी उपलब्ध आहे, आणि जुन्या काळच्या माणसाने दहा-बारा पौंड जास्त वजनाच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले असेल तर त्याचे मोल वाढवून धरणे न्यायाचे ठरते. देशाचा प्रश्नही याच टप्प्यावर मिटवावा. 1903 मध्ये हे विजेतेपद मिळवणारा बॉब फिट्झसिमन्स इंग्लंडमध्ये जन्मला, न्यूझीलंडमध्ये वाढला आणि ऑस्ट्रेलियात मुष्टियोद्धा म्हणून तयार झाला. ऑस्ट्रेलियन त्याला आपला मानतात, पण मी त्याला या यादीबाहेर ठेवतो.

दुसरे काम पट्ट्यांविषयीचे, म्हणजे विजेत्याला मिळणाऱ्या किताबांविषयीचे. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आज स्वतंत्र विजेते जाहीर करतात. 1940 च्या दशकात मात्र जगज्जेतेपदाची संधी मिळणेच मुळात दुर्मीळ होते, आणि सिडनीत राहून ती मिळणे त्याहून कठीण. मिरकरवाड्यातला शिडाच्या होडीवरचा जुना तांडेल आणि आजच्या ट्रॉलरवरचा तांडेल यांची पारख आपण आणलेल्या मासळीच्या वजनावरून करणार नाही, त्याच न्यायाने पट्ट्यांची संख्या हे येथे माप होऊ शकत नाही. माप एकच: आपल्या काळातल्या उत्तम माणसांपैकी हा कोणाशी लढला, ते तेव्हा कोणत्या अवस्थेत होते आणि लढतीत काय घडले.

डॅनी ग्रीन आणि पॉल ब्रिग्ज यांच्यावर हे माप लावून पाहावे. ग्रीनने डिसेंबर 2007 मध्ये पर्थ येथे स्टायप ड्रूजला गुणांवर हरवून डब्ल्यूबीएचे विजेतेपद मिळवले आणि ते एकदाही पणाला न लावता 2008 मध्ये निवृत्ती जाहीर केली. पुढे परत येऊन 2009 मध्ये त्याने या गटाचा माजी जगज्जेता रॉय जोन्स याला पहिल्याच फेरीत हरवले, पण ती लढत क्रूझरवेटची होती आणि जोन्स तेव्हा चाळिशीचा होता. ब्रिग्जला जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही. मात्र 2005 मध्ये शिकागोत आणि 2006 मध्ये पुन्हा तो पोलंडच्या टोमाझ अडामेकशी डब्ल्यूबीसी विजेतेपदासाठी पूर्ण बारा फेऱ्या लढला, दुसऱ्या लढतीत पहिल्याच फेरीत त्याने अडामेकला खाली पाडले आणि दोन्ही वेळा पंचांच्या बहुमताने, म्हणजे तिघांपैकी एका पंचाने बरोबरी दिलेली असताना तो हरला. हाच अडामेक पुढे क्रूझरवेटचाही जगज्जेता झाला. माझ्या मते या गटापुरता ब्रिग्ज ग्रीनच्या वर आहे, आणि हे मत ऐकून चिडणाऱ्यांनी अडामेकच्या दोन्ही लढती एकदा सलग पाहाव्यात.

तिसरे काम म्हणजे नियमांतला फरक लक्षात घेणे. जगज्जेतेपदाच्या लढती पूर्वी पंधरा फेऱ्यांच्या असत; 1982 मधील एका कोरियन मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूनंतर डब्ल्यूबीसीने त्या बारा केल्या आणि इतर संघटनांनी दशक संपेपर्यंत तेच केले. वजनही पूर्वी लढतीच्याच दिवशी होई, आता ते आदल्या दिवशी होते, त्यामुळे आजचा 175 पौंडांचा माणूस रिंगणात उतरताना बराच जड असतो.

चित्रफीत पाहताना आवाज बंद ठेवावा, कारण समालोचकाचा आणि गर्दीचा कल नकळत आपला होतो. एक फेरी तीनदा पाहावी: प्रथम केवळ पाय, मग पुढचा हात, आणि शेवटी बरगड्यांवर पडणारे ठोसे. मूकपटाच्या काळातील फिती बऱ्याचदा चुकीच्या वेगाने दाखवल्या जातात आणि त्यांतले हात अवास्तव झपाट्याने फिरताना दिसतात. त्यावरून जुन्या माणसाच्या वेगाविषयी काहीही ठरवू नये. जेथे फीत नाही, तेथे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ट्रोव्ह या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेली जुनी वृत्तपत्रे वाचावीत, आणि एकाच लढतीचे निदान दोन वृत्तांत ताडून पाहावेत.

या पद्धतीने पाहण्यासाठी जेफ हार्डिंगची 24 जून 1989 ची अटलांटिक सिटीतली लढत सर्वांत उत्तम. आधी ठरलेला प्रतिस्पर्धी डॉनी लालाँड याने माघार घेतल्याने हार्डिंगला ती ऐनवेळी मिळाली होती. समोर डब्ल्यूबीसी विजेता डेनिस अँड्रिज. पाचव्या फेरीत हार्डिंग खाली पडला, चेहरा फाटला, गुणांतही तो मागे होता. पायांकडे पाहत गेलात तर उत्तरार्धात अँड्रिजचे पाय जड होत जातात आणि हार्डिंग अर्धे पाऊलही मागे घेत नाही, हे स्पष्ट दिसते. बाराव्या फेरीत त्याने अँड्रिजला दोनदा पाडले आणि पंचांनी लढत थांबवली. 1990 मध्ये मेलबर्नला अँड्रिजने त्याला सातव्या फेरीत बाद केले, 1991 मध्ये लंडनला हार्डिंगने विजेतेपद परत मिळवले आणि 1994 मध्ये माइक मॅकॅलमकडून गुणांवर हरेपर्यंत ते राखले. आपल्याला हरवणाऱ्या विजेत्याच्या देशात जाऊन त्याच्याकडून पट्टा परत आणणे हे या यादीत दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही, म्हणून मी हार्डिंगला पहिला मानतो.

टोनी मंडाइनची नोंद वेगळी करावी लागते. मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत चार गटांत तो राष्ट्रीय विजेता होता आणि 1970 च्या दशकात राष्ट्रकुल लाइट हेवीवेट विजेतेपदही त्याच्याकडे होते, पण त्याची सर्वांत मोठी लढत, 1974 मधली जगज्जेत्या कार्लोस मॉन्झोनविरुद्धची, मिडलवेटची होती आणि तीत तो बाद झाला.

डेव्ह सँड्ससाठी मात्र पानभर जागा मोकळी ठेवावी. केम्पसीजवळच्या बर्न्ट ब्रिज या आदिवासी वस्तीत जन्मलेला हा मुष्टियोद्धा मूळचा मिडलवेट, तरीही लाइट हेवीवेट आणि हेवीवेट हे राष्ट्रीय किताबही त्याने मिळवले. 1949 मध्ये इंग्लंडच्या डिक टर्पिनला त्याने पहिल्याच फेरीत बाद केले, पुढे जगज्जेता झालेल्या बोबो ओल्सनला दोनदा हरवले, आणि जगज्जेतेपदाची लढत न मिळताच 1952 मध्ये ट्रकच्या अपघातात वयाच्या 26 व्या वर्षी तो गेला. त्याला संधी मिळाली असती तर, या वाक्याने त्याचे गुण वाढवू नयेत. ओल्सनवरचे दोन विजय पुरेसे बोलके आहेत.

सँड्स विरुद्ध हार्डिंग अशी काल्पनिक लढत लावायचीच असेल, तर फेऱ्या किती आणि वजन कधी, हे आधी ठरवावे. वजन आदल्या दिवशी झाले तर हार्डिंगचा जडपणा आणि दम शेवटच्या तीन फेऱ्यांत सँड्सला झेपणार नाही. वजन त्याच सकाळी झाले, तर सँड्सचा उजवा हात पहिल्या सहा फेऱ्यांतच लढत फिरवू शकतो, कारण हार्डिंग ठोसे चुकवत नसे, ते घेऊन पुढे येत असे. मी सकाळचे वजन मान्य करतो आणि सँड्सला गुणांवर विजयी धरतो. तरीही गटाच्या यादीत हार्डिंगचे नाव वरच ठेवतो, कारण ती यादी 175 पौंडांवर प्रत्यक्ष लढून मिळवलेल्या गोष्टींची आहे.