केळी वेफर्ससाठी पीएमईजीपी कर्ज : आधी जागा, मग मशीन

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) अनुदानाचा टक्का युनिटच्या जागेवर ठरतो, तुम्ही राहता कुठे यावर नाही. युनिट जळगाव जिल्ह्यातल्या रावेर किंवा सावद्याच्या नगरपालिका हद्दीत असेल तर शहरी, ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामीण. महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग आणि माजी सैनिकांना शहरात २५, गावात ३५ टक्के. बाकीच्यांना १५ आणि २५.

एका महिलेचं गावातलं १० लाखांचं युनिट धरा. पदरचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार (खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला १० टक्के). उरलेले साडेनऊ लाख बँक देते. अनुदानाचे साडेतीन लाख हातात पडत नाहीत. ते तीन वर्षं मुदत ठेवीत राहतात, तेवढ्या रकमेवर बँक व्याज घेत नाही, आणि पडताळणीत युनिट चालू दिसलं की कर्जात वळते होतात. टाळं दिसलं तर अनुदान गेलं.

अर्ज ऑनलाइन, फुकट. एजन्सी म्हणून आपल्या जिल्ह्याचं उद्योग केंद्र निवडा. आधार, जातीचा दाखला, जागेचा भाडेकरार किंवा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला तयार ठेवा. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांवर गेला तर आठवी पास हवं.

खरी गोची प्रकल्प अहवालात होते. जमिनीची किंमत धरता येत नाही. स्लायसर, फ्रायर, पॅकिंग मशीनची कोटेशनं जीएसटी क्रमांकासह लावा. खेळतं भांडवल मात्र फुगवू नका. वेफर्सला तेलाचा खर्च मोठा, म्हणून आकडा वाढवायचा मोह होतो. पण बँकेने खेळत्या भांडवलासाठी मंजूर केलेली मर्यादा तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरावी लागते आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांखाली चालत नाही. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं.

मंजुरीआधी मशीन घेऊन धंदा सुरू केलात तर युनिट जुनं ठरतं आणि अर्ज बाद होतो. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

युनिट आधीच चालू असेल तर कृषी विभागाकडून पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना) पाहा: अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख.