धर्म सोडला, पण डोक्यातून जात नाही? मग काय करायचं

माझी एक मैत्रीण सहा वर्षांपूर्वी घरोघरी प्रचार करणाऱ्या एका पंथातून बाहेर पडली (पंथाचं नाव लिहीत नाही, तिची आई अजून आत आहे). आजही शनिवारी सकाळी तिला साडेसातला आपोआप जाग येते, आवरून पर्स खांद्याला लावते आणि मग लक्षात येतं की जायचं कुठेच नाहीये. त्या दिवशी दिवसभर तोच विषय. नवरा म्हणतो, "सोडलंस ना, मग आता विषय पण सोड की."

घरच्यांनो, आधी हे वाक्य बंद करा.

नुसता जन्माने मिळालेला धर्म माणूस गुपचूप सोडतो, शेजाऱ्यालाही कळत नाही. प्रचारकाचं तसं नसतं. मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मुलं ऐन उमेदीत दोन वर्षं मिशनवर, म्हणजे प्रचाराला जातात, मुली 18 महिने. यहोवाचे साक्षीदार हा घरोघरी प्रचार करणारा दुसरा ख्रिस्ती पंथ, त्यांच्यात तर ऑक्टोबर 2023 पर्यंत प्रत्येक प्रचारक दर महिन्याला प्रचाराच्या तासांचा हिशोब देत होता. अनोळखी दारात उभं राहून समोरच्याची प्रत्येक शंका खोडायची, हे वर्षानुवर्षं घोटलेलं असतं हो, श्रद्धा गेली म्हणून ते कसं जाईल, तेच डोकं आता उलट्या बाजूने वाद घालत बसतं.

आणि आपली माणसं पंथाच्या आतच राहतात. साक्षीदारांमध्ये मंडळीतून (म्हणजे त्यांच्या स्थानिक गटातून) काढलेल्याशी बोलणं टाकतात. 2024 मध्ये थोडी ढील दिली, सभेला आला तर जुजबी विचारपूस चालते, पण तेवढंच. ज्याची आई, बहीण, लग्नातले सगळे पाहुणे तिकडे आहेत त्याला तुम्ही "विसर" म्हणताय, म्हणजे आईला विसर म्हणताय.

तर आता करायचं काय.

पहिलं, वहीत तास लिहा. जुन्या पंथाबद्दलचे व्हिडिओ, वाचन, मनातल्या मनात चाललेले वाद, सगळं धरून. मैत्रिणीने लिहिलं तर पहिल्या महिन्यात 31 तास निघाले, आत असताना पण कधी एवढे भरले नव्हते, ती वही बघून रडली. मग रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवला, त्या वेळात वाचायचं, चिडायचं, लिहायचं, बाकी वेळी विषय आला की वहीत एक ओळ टाकून उद्यावर ढकलायचा. पूर्ण बंद करायला जाऊ नका, दुप्पट उसळतं.

दुसरं, आईशी धर्माचा विषय सोडून बोला. पुरावे, लिंका काही पाठवू नका. मैत्रीण सुरळीच्या वड्यांचा फोटो पाठवते, खाली "पीठ पातळ झालं का गं?" एवढंच. सात-आठ मेसेजनंतर एकदा उत्तर आलं, "ताक कमी घाल". तिने मला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा मी ऑफिसात होते, डोळ्यात पाणी आलं.

तिसरं, भीती. युद्धाची, भूकंपाची बातमी आली की पोटात खड्डा पडतो, वाटतं, जगाचा शेवट जवळ आलाय असं पंथातले म्हणत होते तेच खरं तर नाही ना. याची लाज वाटून घेऊ नका, लहानपणापासून भरवलंय ते. 1975 मध्ये जगाचा शेवट होईल असं कित्येक साक्षीदारांना वाटत होतं, काहींनी घरं पण विकली, आणि 1976 आलं. असं एखादं उदाहरण मोठ्याने बोलून बघा, खरंच उपयोग होतो. झोपच उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे 14416, मोफत.

चौथं, पहिलं वर्षभर दुसऱ्या कुणाला बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. तो पण प्रचारच आहे.

आणि शनिवार सकाळ मोकळी सोडू नका. घरी बसून करायचं काही घेऊ नका, जिथे कुणीतरी आपली वाट बघत असेल असं काहीतरी घ्या. मैत्रीण आता वस्तीतल्या चार मुलींना गणित शिकवते. नऊला. जाग साडेसातलाच येते अजून, पर्सही तीच आहे, फक्त आत आता पट्टी आणि खडू असतात.