पीएच मॉनिटर चुकतोय की पाणी? कोकणातल्या फिशटँकवाल्यांनो, या चुका टाळा

पावसाळा लागला की मालवण-रत्नागिरीकडच्या फिशटँकवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न येतो: "मॉनिटर ७.० वरून हलतच नाही, मासे तर मजेत आहेत. पाण्यात काय घालू?" काहीही घालू नका. आधी मॉनिटर तपासायचा, मग पाणी, आणि पीएच वाढवणारी किंवा उतरवणारी बाटली सगळ्यांत शेवटी. त्या बाटलीने मेलेले मासे मी पीएचने मेलेल्या माशांपेक्षा जास्त पाहिलेत.

एवढी घाई का नको, तेही सांगतो. पीएच एका अंकाने बदलला म्हणजे आम्लता दहापट बदलली. शिवाय टाकीतल्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पीएचवर डोळा ठेवून असतो. पाणी २५ अंशांवर असताना पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे मॉनिटर चुकून कमी आकडा दाखवतोय आणि तुम्ही पाणी "सुधारायला" घेतलं, तर निवांत चाललेल्या टाकीत तुम्हीच विष तयार करता.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

प्रोब (मॉनिटरची पाण्यात बुडणारी काचेच्या टोकाची कांडी) टाकीतून काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, ताज्या ७.०० बफरमध्ये (ठरलेल्या पीएचचं द्रावण) ठेवा. मिनिट-दीड मिनिटात आकडा स्थिर झाला आणि ७ च्या आसपास आला, तर ४ किंवा १० च्या बफरमध्ये बघा. दोन्हीकडे बरोबर आला तर मॉनिटर निर्दोष. भानगड पाण्यात आहे किंवा टाकीतल्या विजेत. बफरमध्येही आकडा भरकटला तर दोष प्रोब, वायर किंवा कॅलिब्रेशनचा (बफरवरून मॉनिटरचा आकडा जुळवणं). एवढं केलं की अर्धे प्रश्न इथेच सुटतात. लोक मात्र टाकीतच प्रोब हलवून, आपटून, पुन्हापुन्हा कॅलिब्रेशनचं बटण दाबून बघतात. टाकीच्या पाण्यात चुकून ते बटण दाबलं गेलं, तर मॉनिटर त्या पाण्यालाच ७ समजून बसतो.

बफरच्या चुका

स्वस्त पेन-मीटरबरोबर पावडरीची पाकिटं येतात, त्यांवर बहुधा ४.०० आणि ६.८६ छापलेलं असतं, कधी ९.१८. मोठ्या मॉनिटरना ४.०१, ७.०० आणि १०.०१ लागतात. घरात दोन्ही प्रकार असले की गोंधळ होतो: मीटर ६.८६ ची वाट बघत असतो आणि आपण त्याला ७.०० पाजतो. तिथेच ०.१४ ची चूक पक्की झाली, आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढ्याने चुकणार. मीटरला कोणतं बफर चालतं ते माहितीपत्रकात बघा.

पाकिटावर २५० मिलिलिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण २५० मध्येच विरघळवायचं. "अर्धी पावडर आता, अर्धी दिवाळीला" हा काटकसरीचा मार्ग इथे चालत नाही. पाणी डिस्टिल्ड घ्या. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालेल, फक्त बाटलीवर ॲसिड नाही ना, हे वाचून घ्या. घरच्या आरओचं पाणी प्रोब धुवायला ठीक, बफर बनवायला नको.

वापरलेलं बफर परत बाटलीत ओतू नका. १० चं बफर तर उघडं राहिलं तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खाली उतरतं. ते थोडंच काढा आणि काम झालं की फेकून द्या.

तापमानाचंही बघा. १० चं बफर ३० अंशांवर ९.९७ च्या घरात असतं, ९.१८ चं सुमारे ९.१४. मॉनिटरमधली तापमान भरपाई प्रोबचा उतार, म्हणजे पीएचच्या प्रत्येक अंकाला मिळणारे मिलिव्होल्ट, सुधारते; बफरच्या रसायनाचं तिला काही कळत नाही. काही मॉनिटर बफर ओळखून हा फरक आपोआप धरतात. तुमचा धरत नसेल तर बाटलीवरचा तक्ता बघून त्या वेळच्या तापमानाचा आकडा घ्या. आणि फ्रिजमधून काढलेलं बफर लगेच वापरू नका, टाकीच्या तापमानाला येऊ द्या.

कोणती दोन बफर घ्यायची? ज्यांच्या मधोमध तुमची टाकी बसते ती. समुद्राच्या पाण्याची टाकी ८.१ ते ८.४ ला चालते, तिला ७ आणि १०. गप्पी-मॉलीलाही तेच. कार्बन डायऑक्साइड सोडलेली झाडांची टाकी असेल तर ७ आणि ४. सुरुवात दोन्ही वेळा ७ पासून.

दमट हवा आणि ७.०० चं कोडं

आता तो पावसाळी प्रश्न. काचेच्या प्रोबमधून मिळणारा विजेचा संकेत फारच क्षीण असतो: पीएच ७ ला शून्य मिलिव्होल्ट, आणि २५ अंशांवर प्रत्येक अंकाला जवळपास ५९ मिलिव्होल्ट. काचेचा विद्युतरोध इतका प्रचंड असतो की बीएनसी कनेक्टरमध्ये (प्रोबची वायर मॉनिटरला जोडणारा गोल जोड) ओलाव्याचा नुसता पदर साचला तरी संकेत वाटेतच गळतो. शून्य मिलिव्होल्ट म्हणजे ७. म्हणून दमट कनेक्टरचा मॉनिटर सातकडे ओढला जातो किंवा सातवरच बसतो. जुलैत ज्या घरात मीठ डब्यात पाणी सोडतं, तिथे हे होणारच. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने पितळी भागावर हिरवट गंजही चढतो.

कनेक्टर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने दोन्ही बाजू पुसा, हेअर ड्रायरच्या मंद हवेने नीट सुकवा. मॉनिटरचा डबा खिडकीपासून आणि एअर पंपाच्या तुषारांपासून लांब ठेवा. वायर कनेक्टरच्या खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून खाली गळेल, जोडात शिरणार नाही.

एक सोपी परीक्षा: प्रोब काढून मॉनिटरच्या बीएनसीची मधली पिन आणि बाहेरची कडी कागदाच्या पिनने जोडा. मॉनिटरने ७ च्या आसपास दाखवलं तर तो बहुधा ठीक, दोष प्रोबकडे. आणि प्रोब सुक्या कनेक्टरने जोडूनही ४ च्या बफरमध्ये ७ च दाखवत असेल, तर बहुतेक काच तडकलेली आहे. उजेडात धरून बघा. तडकलेली काच दुरुस्त होत नाही.

टाकीत आकडा नाचतो, बफरमध्ये नाही

टाकीतलं पाणी एका पेल्यात काढा आणि प्रोब त्यात ठेवा. पेल्यात आकडा शांत आणि टाकीत वेगळा किंवा उड्या मारणारा असेल, तर पाण्यात कुठून तरी वीज झिरपतेय. हीटर, मोटर, दिवा एकेक करून बंद करा. ज्याच्याबरोबर आकडा सुधारला तो गुन्हेगार. अशी वस्तू चिकटपट्टी लावून चालवू नका, बदला. हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद. टाकीच्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावा, हे माझ्या मते मॉनिटर घेण्याआधीचं काम आहे.

मॉनिटर खरं सांगतोय, पण पटत नाही

कोकणात हे फार होतं. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं आणि ताजं उपसल्यावर त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे पीएच आधी कमी दिसतो आणि बादलीत रात्रभर एअर स्टोन लावला की वर येतो. म्हणून पाणी बदलताना आदल्या रात्रीच उपसून ठेवा. पागोळ्यांचं पाणी धरून टाकीत घालत असाल तर त्यात क्षार नसल्यासारखेच; तिथे चांगला प्रोबही मिनिटं मिनिटं घेतो आणि कधी स्थिर होतच नाही. तो प्रोबचा दोष नव्हे.

असल्या पाण्यात पीएच सांभाळणारा कार्बोनेट कडकपणाच (विरघळलेले कार्बोनेट क्षार) नसतो. थेंबांच्या किटने तो मोजा. ३ अंशांच्या (कडकपणाचे अंश, तापमानाचे नव्हे) खाली असेल तर पीएच घसरत जाणं अपेक्षितच आहे. त्यावर तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये ठेवा. चुनखडीच ती, हळूहळू विरघळते. मऊ पाणी आवडणाऱ्या टेट्रा माशांच्या टाकीत मात्र हा प्रयोग नको. खाडीकाठच्या विहिरींची गोष्ट निराळी: एप्रिल-मेमध्ये त्या मचूळ होतात, तेव्हा जानेवारीचे आकडे विसरा.

कार्बन डायऑक्साइड न सोडलेल्या झाडांच्या टाकीत पहाटे पीएच सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे तुलना करायची तर रोज एकाच वेळी. आणि पावसात लाईट गेल्यावर एअर पंप बंद पडला की कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खरोखरच खाली येतो. लाईट आली की मॉनिटर सावरतो. त्याला बदनाम करू नका.

प्रोबची निगा

डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात प्रोब ठेवणं ही सर्वांत महागडी चूक. आतले क्षार बाहेर निघून जातात. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवा. ते नसेल तर तात्पुरतं ४ चं बफर. काचेचा फुगा पुसू नका, टिश्यूने नुसता टिपा.

टाकीत कायम असणाऱ्या प्रोबवर उजेडात शेवाळ चढतं आणि ते स्वतःच आजूबाजूचा पीएच बदलतं, म्हणून तो फिल्टरच्या अंधाऱ्या कप्प्यात, उभा, वायरीकडचं टोक पाण्याबाहेर ठेवून लावा. शेवाळाला एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात, काही मिनिटं. पांढऱ्या क्षाराला व्हिनेगर. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, मध्ये भरपूर धुऊन. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. नंतर काही तास पोटॅशियम क्लोराइडमध्ये आणि मग कॅलिब्रेशन.

मॉनिटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर ७ आणि ४ च्या बफरमधला फरक बघा. नवा प्रोब जवळपास १७७ देतो. तो १५० च्या खाली गेला आणि सफाईनेही वाढला नाही, तर प्रोब संपला. साधारण वर्ष-दोन वर्षांत ही वेळ येते, आणि बीएनसीवाल्या मॉनिटरचा फक्त प्रोब बदलता येतो. नवा घेताना टोपी काढून आत ओल आहे ना, हे दुकानातच बघा. टोपीभोवती पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ते पोटॅशियम क्लोराइडच वाळलेलं असतं. टोपी कोरडी ठणठणीत असेल तर दुसरा मागा.