उन्हाळ्यात पहाटे पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. दयाळ पक्षी त्याच्या बराच आधी गायला लागलेला असतो. आठला वेताळ टेकडीवर पोहोचणारी मंडळी साडेनऊला उतरताना म्हणतात, "आज काहीच नव्हतं." पक्षी होते. ऊन तापायच्या आत खाणंपिणं उरकून ते सावलीला गप्प बसले होते. साडेपाचला पायथ्याशी या.

लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढलात तर ऊन पाठीवर राहतं आणि रंग नीट दिसतात. त्याच वाटेने उतरताना ऊन डोळ्यांवर येतं आणि फांदीवर नुसती काळी आकृती उरते. त्यामुळे सावकाश बघायचं ते चढतानाच.

सगळी टेकडी पालथी घालायचा हट्टही सोडा. या दिवसांत पक्षी पाणी आणि फळं सोडून फार लांब जात नाहीत. फळं धरलेला वड किंवा उंबर गाठा आणि अर्धा तास शांत बसा. तांबट, बुलबुल, कोकीळ आपणहून येतात. जुन्या दगडखाणीतल्या पाण्याजवळ बसायचं तर काठावर नको, चांगलं लांब झाडाआड बसा. तुम्ही काठावर असाल तर तहानलेला पक्षी तसाच परत जातो.

"दुर्बिणीतून पक्षी सापडतच नाही," ही नवख्यांची नेहमीची तक्रार. आपण मान खाली घालून दुर्बीण शोधतो, तेवढ्यात फांदी हरवते. नजर पक्ष्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. एका डोळ्याला स्पष्ट आणि दुसऱ्याला धूसर दिसत असेल, तर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं जुळवा, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असणारे रबरी कप आत दाबून घ्या. नवीन घेणार असाल तर ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. खिशात मावणारी ८×२१ पहाटेच्या अंधुक उजेडात फारच कमी पडते.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपने नाव दाखवलं की लगेच यादीत लिहू नका. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, मग अ‍ॅप शिक्रा सांगतं. पक्षी डोळ्यांनी बघा. "कोकिळा गाते" हेही तसंच: कुहू-कुहू करतो तो काळा नर. ठिपक्यांची तपकिरी मादी नुसती किक्-किक् करते.

सगळ्यात जड चुका घरट्यापाशी होतात, आणि उन्हाळा हा तर घरट्यांचाच काळ. राखी धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते. तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर चालतं. आपण ढोलीखाली कॅमेरे लावून उभे राहिलो की तो समोरच्या झाडावर फळ चोचीत धरून ताटकळतो आणि आत सगळे उपाशी राहतात. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या नवरंगासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणंही तितकंच वाईट. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चारा सोडून भांडायला येतो. फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तिची अंडी तुमच्या पायांजवळच आहेत. ती उघड्या खडीत असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. एकदा मी ती शोधत तिथेच उभा राहिलो होतो, आजही वाईट वाटतं. उन्हात ती अंडी तापू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि त्यांच्यावर बसते. ती उडालेली असते तेवढा वेळ अंडी भाजत असतात. पायाखाली बघत, आल्या पावलांनी मागे फिरा. ती परत अंड्यांवर बसलेली लांबून दुर्बिणीत दिसली, की दुसऱ्या वाटेने पुढे जा.